पाच डॉलरचं तिकीट : फुगाझीची पंधरा वर्षं

नमस्कार मंडळी. फुगाझी हा अमेरिकेच्या राजधानीतला, वॉशिंग्टन डीसीमधला चौघांचा बँड. ३ सप्टेंबर १९८७ रोजी तिथल्या विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमध्ये शेवटचा. या पंधरा वर्षांत सहा अल्बम, सुरुवातीच्या दोन छोट्या रेकॉर्ड, हजारावर कार्यक्रम. बँडचा इतिहास एरवी अल्बमच्या क्रमाने सांगतात. मी तो तिकिटाच्या दरापासून सांगणार आहे, कारण या बँडचं संगीत जसं घडलं ते त्या दरामुळे घडलं, असं माझं ठाम मत आहे.

दर होता पाच डॉलर. पुढे काही ठिकाणी थोडा वाढला, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पाचच. दुसरी अट अशी, की कार्यक्रमाला कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश मिळाला पाहिजे. आपल्याला ही अट साधी वाटेल, पण तिकडे रॉक वाजायचं ते मुख्यतः दारू विकणाऱ्या क्लबांमध्ये, आणि दारू पिण्याच्या वयाखालच्या मुलांना तिथे दारातच अडवत. म्हणजे ज्या वयात हे संगीत सर्वांत जास्त भिडतं, त्याच वयाची मुलं बाहेर!

ही चीड जुनी होती. फुगाझीचा इयन मकाय शाळकरी वयात ‘टीन आयडल्स’ नावाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. ही पोरं कॅलिफोर्नियात गेली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली मारली आणि आत सोडलं. फुली असलेल्याला दारू द्यायची नाही, एवढाच नियम. ती युक्ती त्यांनी वॉशिंग्टनला आणली. १९८० साली बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी आपल्या गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली. कव्हर कसं करतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून एका रेकॉर्डचं कव्हर उलगडलं, त्याचा आकार गिरवला, आणि छापून आलेले कागद घरी बसून कापले, दुमडले, चिकटवले. ‘डिसकॉर्ड’ या कंपनीचा जन्म हा असा. मकाय आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन यांनी ती पुढे चालवली. बँडशी लेखी करार नाही, खर्च वजा जाता नफ्याची वाटणी. ती आजही सुरू आहे.

फुगाझीत मकायसोबत बासवर जो लॅली आणि ड्रम्सवर ब्रेंडन कँटी होते. चौथा गी पिचोटो हळूहळू आत आला. आधी तो नुसता गायचा आणि मंचावर अंग झोकून द्यायचा. एका कार्यक्रमात तर तो बास्केटबॉलच्या रिंगमध्ये उलटा लटकून गायला आहे, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. १९९०च्या ‘रिपीटर’ या अल्बमपासून त्याने गिटार हाती घेतली आणि बँडचा आवाज पालटला. दोन गिटार एकमेकींना उत्तर देतात, मधेच भांडतात, आणि खाली लॅलीची बास रेगे या जमैकन संगीताच्या वळणाने शांतपणे चालत राहते. पंक या वेगवान, आक्रमक रॉकमध्ये वाढलेल्या या लोकांनी मोकळी जागा सोडायला शिकणं, ही मला त्यांची सर्वांत मोठी सांगीतिक कमाई वाटते.

तिकीट पाच डॉलर ठेवायचं तर खर्च कमी हवा. म्हणून मॅनेजर नाही, कार्यक्रम ठरवून देणारा एजंट नाही. फोन करून तारखा ठरवायचं काम मकायच करायचा. स्वतःची व्हॅन, स्वतःचं सामान, सोबत मोजकी माणसं. रंगीत दिवे नाहीत, साधा पांढरा उजेड. क्लब परवडत नसेल किंवा मुलांना आत घेत नसेल तर चर्चचं सभागृह, शाळेची व्यायामशाळा, सामाजिक केंद्र, काहीही चालेल. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात जे नाटक उभं राहिलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. जागा बदलली की तिथे येणारा माणूस बदलतो, आणि त्याच्यासमोर काय सादर करता येतं तेही बदलतं. फुगाझी गाण्यांची यादी आधी ठरवत नसत. कुठलं गाणं कधी येणार हे मंचावर, एकमेकांकडे पाहून ठरायचं. सगळी गाणी चौघांना कायम हाताशी असावी लागत. दिव्यांच्या तालावर बांधलेल्या कार्यक्रमात हे शक्यच नाही.

प्रेक्षकांवरही त्यांची नजर असायची. पंकच्या कार्यक्रमात पुढे धडका मारत नाचायची रीत होती, त्यात लहान मुलं आणि मुली चेंगरायच्या, मागे ढकलल्या जायच्या. फुगाझी गाणं थांबवत, त्या माणसाशी मंचावरून बोलत, आणि ऐकलं नाही तर पाकिटात घातलेले पाच डॉलर हातात देऊन त्याला बाहेर काढत. यावर लोक चिडले, त्यांना उपदेशक म्हणाले. मला मात्र यात प्रेक्षकाबद्दलचा खरा आदर दिसतो. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर असताना, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत पार्कात कडाक्याच्या थंडीत निषेध म्हणून वाजले. आपल्या शहरातले कितीतरी कार्यक्रम त्यांनी असेच विनामूल्य किंवा कुठल्या तरी कामाला मदत म्हणून केले.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, तुफान खपला, आणि मोठ्या कंपन्या छोट्या बँडांच्या मागे धावू लागल्या. डिसकॉर्डचे जॉबॉक्स आणि शडर टू थिंक हे दोन बँड मोठ्या कंपन्यांकडे गेले. फुगाझीला भेटायला अ‍ॅटलांटिक या बड्या रेकॉर्ड कंपनीचे एक संस्थापक अहमेत एर्तेगुन स्वतः आले. उत्तर मिळालं, ‘नाही’. लोलापलूझा या फिरत्या महोत्सवाचं बोलावणं आलं. तिकीट महाग म्हणून नकार. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने मुलाखत मागितली, दारू-सिगारेटच्या जाहिराती छापत असाल तर नको. टी-शर्टसुद्धा विकले नाहीत.

इथे आपल्याकडच्या मनाला ‘केवढा त्याग!’ असं म्हणावंसं वाटतं. तो शब्द मला पटत नाही. दोन हजार माणसं पाच डॉलर देऊन आली तर दहा हजार होतात, आणि मधे वाटेकरी नसतील तर त्यातून चौघांचा संसार नीट चालतो. त्यांचा चालला. त्यांनी हिशेब केला होता, आणि त्या हिशेबातून त्यांना जे मिळालं ते पैशांहून मोलाचं होतं. त्याचं एक उदाहरण सांगतो. १९९३चा ‘इन ऑन द किल टेकर’ त्यांनी आधी शिकागोत स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरकडे रेकॉर्ड केला. घरी येऊन ऐकला तर जमला नव्हता. अल्बिनीचंही तेच मत पडलं. पूर्ण रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं आणि अर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कंपनीची उचल डोक्यावर नव्हती, तारखेचा तगादा नव्हता, म्हणून हे करता आलं.

सगळं काही सारखंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. १९९१चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ मला कोरडा वाटतो, गाणी मंचावर जशी धगधगायची तशी त्यात उतरली नाहीत. पण १९९५चा ‘रेड मेडिसिन’ ऐका. तिथे ते स्टुडिओशी खेळायला लागले आहेत, आवाज विस्कटताहेत, आणि तरी गाणं हातून सुटत नाही. २००१चा ‘द आर्ग्युमेंट’ तर सगळ्यांत पिकलेला. त्यानंतर वर्षभराने ते थांबले. भांडण नाही, निरोपाचा गाजावाजा नाही. मुलंबाळं, आजारी माणसं, घरची कामं होती, आणि अर्धवट वेळात हा बँड चालवायचा नाही असं ठरलं. पुढे लॅली आणि कँटी ‘मेसथेटिक्स’मध्ये एकत्र वाजवू लागले; मकाय आणि लॅली ‘कोरिकी’त.

बहुतेक कार्यक्रमांचं त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. डिसेंबर २०११ पासून त्यातले आठशेहून अधिक कार्यक्रम संकेतस्थळावर खुले झाले, चुकलेल्या सुरांसकट आणि मधल्या वादावादीसकट. एका कार्यक्रमाची सुचवलेली किंमत पाच डॉलर, कमी-जास्त द्यायची मुभा. नव्याने ऐकणाऱ्यांनी मात्र तिथून सुरू करू नये, हरवायला होतं. ‘थर्टीन साँग्ज’ या संकलनापासून सुरुवात करा, त्यातलं पहिलंच ‘वेटिंग रूम’ ऐका. बावीस सेकंदांनंतर सगळी वाद्यं एकदम थांबतात, तिथे आवाज वाढवू नका, बिघाड झालेला नाही. ते गाणं आता आपण ऐकूया, आणि प्रश्न त्यानंतर घेऊ.