खुर्ची कौन्सिलची, मत आपलं

नमस्कार मंडळी.

लॉस एंजेलिसमधली एखादी नेबरहूड कौन्सिल, म्हणजे वस्तीचं म्हणणं शहराच्या कारभाऱ्यांपुढे मांडणारी समिती, डोळ्यांसमोर आणा. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा, टेबलामागे तेरा माणसं, सगळी बिनपगारी. त्यांतले एक गृहस्थ कौन्सिलचं बातमीपत्र ई-मेलने पाठवतात. यंदा त्यांचे जुने शेजारी सिटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या सभागृहाच्या, निवडणुकीला उभे आहेत. शेजारी खरोखरच भला माणूस. मग एका रात्री बातमीपत्राच्या तळाशी, झाडं लावण्याच्या सूचनेखाली, आपले हे गृहस्थ एक ओळ टाकून देतात: 'यंदा आपल्या माणसाला निवडून देऊ या.'

एक पैसा खर्च झाला नाही, कुणी कुणाला काही चारलं नाही. तरीही नियम मोडला.

हे गृहस्थ मी मनाने रचलेत. पण त्यांची चूक कुणाच्याही हातून होईल अशी आहे, म्हणून आज त्यांचंच बोट धरून पुढे जाऊ.

आधी या कौन्सिली आल्या कुठून ते पाहू. नव्वदच्या दशकात शहराच्याच सॅन फर्नांडो व्हॅली या भागातल्या लोकांनी 'आम्ही शहरातून वेगळे होतो' असा धोशा लावला होता. सिटी हॉल आपलं ऐकत नाही, ही मूळ तक्रार. 1999 मध्ये मतदारांनी शहराची नवी सनद मंजूर केली आणि तिच्यात नेबरहूड कौन्सिलांची तरतूद आली. वेगळं होण्याचा प्रस्ताव 2002 मध्ये मतदानात पडला. कौन्सिली मात्र वाढत वाढत नव्याण्णवपर्यंत गेल्या. कौन्सिलच्या भागात राहणारा, काम करणारा, तिथे मालमत्ता असणारा, असा कुणीही त्यांत भाग घेऊ शकतो.

आता गंमत बघा. या कौन्सिलांना अधिकार जवळजवळ काहीच नाहीत. कर लावता येत नाही, बांधकामाला परवानगी देता येत नाही. सिटी कौन्सिलपुढच्या विषयावर आपलं लेखी म्हणणं त्या फाइलला जोडता येतं, एवढंच. म्हणजे भांडवल काय, तर 'हा सगळ्या वस्तीचा आवाज आहे' हा लोकांचा विश्वास. तो आवाज एका उमेदवाराच्या पदरात टाकला, की ज्यांचा उमेदवार दुसरा आहे ते पुढच्या सभेला कशाला येतील? मला तर वाटतं, अधिकार कमी म्हणूनच इथे सोवळं जास्त पाळायला हवं.

तेव्हा पहिला नियम सरळ आहे. कौन्सिल कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देऊ शकत नाही, कुणाला विरोधही करू शकत नाही. तेराच्या तेरा हात वर झाले तरी नाही.

जनमताला टाकलेल्या प्रस्तावाचं, म्हणजे बॅलट मेझरचं, गणित थोडं वेगळं आहे आणि घोळ इथेच होतो. अशा प्रस्तावावर कौन्सिल भूमिका घेऊ शकते. विषय अजेंड्यावर आधी लावायचा, उघड सभेत चर्चा करायची, मतदान घ्यायचं. पण भूमिका घेतली म्हणून प्रचार करता येत नाही. त्यासाठी पत्रकं छापायची नाहीत, फलक लावायचे नाहीत.

ही रेघ कुणी आखली? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1976 मध्ये, स्टॅन्सन विरुद्ध मॉट या खटल्यात. राज्याच्या उद्यान विभागाने उद्यानांसाठीच्या कर्जरोख्यांच्या प्रस्तावाच्या बाजूने पाच हजार डॉलरहून थोडे जास्त सरकारी पैसे खर्च केले होते. काम चांगलं, रक्कम किरकोळ. न्यायालय म्हणालं, लोकांना दोन्ही बाजूंची खरी माहिती द्या, पण सगळ्यांच्या करातून एका बाजूचा प्रचार नको. माहिती कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो? त्यासाठी मजकुराची शैली, त्याचा सूर आणि तो कधी निघाला ती वेळ बघायची. 'मत द्या' हे शब्द नसले तरी सूर सगळं सांगून जातो, हे आपल्याला घरातल्या भांडणांवरूनही माहीत आहेच!

आता त्या ई-मेल यादीकडे येऊ. पैशाचा हिशेब लागतो, पावती लागते. यादीची पावती कोण मागतो? म्हणून माझ्या मते पैशापेक्षा तीच जास्त धोक्याची. लोकांनी सभेत नाव-पत्ता लिहून दिला तो रस्त्यावरच्या खड्ड्यांची खबर कळावी म्हणून. ती यादी कौन्सिलची, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. लेटरहेड, बोधचिन्ह, समाजमाध्यमांवरचं खातं, सगळ्यांना हाच न्याय.

या धास्तीने मात्र काही जण उलट्या टोकाला जातात. निवडणूक आली की 'राजकारण नकोच' म्हणून उमेदवारांना बोलवायचंच नाही. हे मला अजिबात पटत नाही. उमेदवारांची सभा कौन्सिल खुशाल घेऊ शकते. त्या जागेसाठी उभ्या असलेल्या सगळ्यांना आमंत्रण द्या, सगळ्यांना सारखा वेळ द्या, सूत्रसंचालक तटस्थ ठेवा. एखादा आला नाही, तर तो त्याचा प्रश्न.

पैशाच्या हितसंबंधांचं थोडक्यात सांगतो. आपल्याच व्यवसायाला कौन्सिलचं कंत्राट मिळणार असेल, तर 'मी मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन बसतो' एवढ्यावर नेहमी भागत नाही. राज्याच्या कायद्याने काही वेळा अख्ख्या बोर्डालाच, म्हणजे टेबलामागच्या सगळ्यांनाच, तो व्यवहार करता येत नाही. शंका आली की मतदानाच्या आधी सिटी अ‍ॅटर्नीच्या, म्हणजे शहराच्या वकिलाच्या, कार्यालयाला विचारावं.

आणि फोन जपून वापरा. 1953 च्या ब्राउन अ‍ॅक्टप्रमाणे, म्हणजे सभा उघडपणे घ्या असं सांगणाऱ्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो. आडून, 'रिप्लाय ऑल' करत बहुमत जुळवणं म्हणजे चोरून सभा घेणंच. 2020 मध्ये या कायद्यात भर पडली: कौन्सिलच्या कामकाजाबद्दल सहकारी सदस्याने टाकलेल्या पोस्टला दुसऱ्या सदस्याने नुसता 'लाइक'चा अंगठाही द्यायचा नाही.

राहिले आपले ते गृहस्थ. त्यांनी आता काय करावं? चूक झाली हे बोर्डाला सांगावं आणि त्याच यादीवर खुलासा पाठवावा. शेजाऱ्याचा प्रचार मात्र सोडायची गरज नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि बोर्डावर बसल्याने तो जात नाही. शनिवारी सकाळी स्वतःच्या गाडीतून जावं, स्वतःच्या खिशातून पत्रकं छापावीत, हवी तितकी दारं वाजवावीत. कौन्सिलचं नाव छापलेला तो टी-शर्ट तेवढा घरी ठेवावा.

नमस्कार.