प्रचार थांबल्यानंतरचे ४८ तास

[दृश्य : इंदूर, लोकमान्यनगर. संध्याकाळ. ओट्यावर आजोबा, कानाला मोबाइल.]

इंदूरच्या मराठी घराचं मत मध्य प्रदेशात. पण भाचे-पुतणे पुण्या-नागपुरात, आणि फॅमिली ग्रुप सगळ्यांचा एकच. बनावट आवाजाच्या क्लिपला राज्याची हद्द नसते.

२०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी मध्य प्रदेशात ‘कौन बनेगा करोडपती’ची एक क्लिप फिरली. चित्र खरं, अमिताभ बच्चन खरे, समोरचा स्पर्धकही खरा. आवाज तेवढा वरून चढवलेला, आणि प्रश्न तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांची टर उडवणारा. वाहिनीला खुलासा करावा लागला.

पुढच्या वर्षी पाळी महाराष्ट्राची. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला. आदल्या रात्री ऑडिओ क्लिप बाहेर आल्या : सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून सांगितलेले आवाज, विषय बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा. दोघांनीही आरोप फेटाळले. तथ्यपडताळणी करणाऱ्यांना काही क्लिपांमधले आवाज यंत्रानं, म्हणजे एआयनं, बनवलेले असण्याची दाट शक्यता दिसली. पण सकाळी सातला मतदान सुरू व्हायचं होतं, ते झालं.

[दृश्य : मोबाइलचा पडदा. “बघ गं, खरं आहे का हे?” फॉरवर्ड.]

शंका विचारायला पाठवलेली क्लिपसुद्धा पुढे जातेच.

आवाजाची नक्कल करायला आता थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं, आणि पुढाऱ्यांची भाषणं यूट्यूबवर ढिगानं आहेत. व्हिडिओत निदान ओठ तरी कुठे ना कुठे चुकतात. नुसत्या आवाजात बघायला काहीच नाही. वर खरखर असली, की आपल्याला वाटतं, चोरून टेप केलंय, म्हणजे खरंच असणार!

स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये अशीच बनावट क्लिप मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदीतच आली. ‘प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया’ पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का मतं विकत घेण्याबद्दल बोलताहेत, अशी. त्यांचा पक्ष दुसरा आला. क्लिपमुळेच, असं म्हणणं मात्र घाईचं.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर सभा बंद ठेवतं. मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून. आता त्याच शांततेत उमेदवाराला सभा घेऊन उत्तर देता येत नाही, आणि क्लिप मोकाट. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं, बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. पक्षाच्या खात्यावरून निघेलही. आत्याच्या ग्रुपवरून कोण काढणार?

आणि उद्या एखाद्याची खरीखुरी टेप सापडली, तर तोही म्हणेल, “हा मी नव्हेच, एआय आहे.” त्याचा दावा खोडायला तज्ज्ञांची तपासणी हवी. तिचा अहवाल येईस्तोवर साहेब शपथ घेऊन मोकळे.