पुढं पांढरं किचन, मागं शहाबादी ओटा

(दृश्य: जुळे सोलापूर, नवीन फ्लॅट. हॉलमधून थेट किचन दिसतंय.)

हे किचन बघा. जुळे सोलापुरातला टू बीएचके, दार उघडलं की हॉल आणि हॉलमधूनच सरळ ओटा दिसतो, मधे भिंत नाही. खालच्या कपाटांची शटर (दारं) सेज ग्रीन, म्हणजे तो राखाडीकडं झुकणारा फिकट हिरवा जो सध्या प्रत्येक रीलमधे असतो, वरची ऑफव्हाईट, दोन्ही मॅट, हँडल कुठंच नाही, ओट्यावर पांढरा क्वार्ट्झ आणि त्यात बारीक करड्या रेघा. एकदम भारी दिसतं, खोटं कशाला बोला.

आता कॅमेरा जरा मागं ड्राय बाल्कनीत घेऊ. इथं शहाबादी फरशीचा छोटा ओटा, त्यावर दोन बर्नरची जुनी शेगडी, काळा पडलेला तवा, परात. भाकरी इथं होते. शेंगा भाजणं, मिरच्या भाजणं, मटणाची फोडणी, सगळं इथं. पुढच्या किचनमधे चहा होतो, मॅगी होते आणि पाहुणे आले की फोटो होतो.

सोलापुरात नवीन बांधकामात हे दोन-दोन ओटे बऱ्याच घरात दिसतात, आणि किचनचे रंग आणि फिनिश गेल्या काही वर्षांत कसे बदलले हे समजून घ्यायचं असेल तर या दोन ओट्यांमधलं जे अंतर आहे ना, तिथूनच सुरुवात करायला पाहिजे.

पूर्वी सैपाकघर घराच्या पोटात असायचं. वाड्यात तर शेवटची खोली. शहराच्या पूर्व भागात जिथं घरातच माग होते तिथं पुढं मागाचा खडखडाट आणि मागं चूल. पाहुणा तिथपर्यंत यायचाच नाही, त्यामुळं दिसतं कसं हा प्रश्नच नव्हता, प्रश्न एवढाच की धूर कुठं जाईल. खाली शेणानं सारवलेलं, भिंतीला चुना आणि त्यात नीळ, आणि चुलीच्या वर काळा पट्टा, जो दरवर्षी दसरा काढताना पुसायचा आणि दिवाळीपर्यंत परत यायचा.

मग केरोसीनचा स्टोव्ह आला, नंतर गॅस, आणि माणूस उभा राहून सैपाक करायला लागला. ओटा आला. सोलापूरला ओटा म्हणजे आधी शहाबादी, कारण गुलबर्ग्याच्या पुढं शहाबाद, रेल्वे लाईनवरचंच गाव, माल सरळ इकडं यायचा. करडी, जरा निळसर फरशी. मग कडप्पा, काळा, तो आंध्रातून. आता हे दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे लिंबू, चिंच, टोमॅटो सांडलं आणि पुसायचं राहिलं की आंबट तिथं दगड खातं आणि फिका डाग पडतो तो पडतोच. म्हणून आपल्या आया-आज्ज्या कडप्प्यावर तेलाचा हात फिरवायच्या, आठवतंय का? ते नुसतं चमकायला नव्हतं, तेलानं डाग दबायचे आणि दगड काळा दिसायचा.

आणि भिंतीला ऑइल पेंट. हिरवा, आकाशी नाहीतर पिस्ता, कमरेच्या वरपर्यंत, वर पांढरा डिस्टेंपर. हा निळा-हिरवा रंग किचनमधे फक्त आपल्याकडंच होता असं नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्झकी या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी एक छोटं, सगळं बसवलेलं किचन डिझाईन केलं, आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथून धरतात, त्याची कपाटं निळसर-हिरवी होती कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानायचे. आपल्याकडं असलं काही डोक्यात नव्हतं, ऑइल पेंट ओल्या फडक्यानं पुसता यायचा, विषय संपला.

(दृश्य: जुनी पांढरी टाईल, मधेच द्राक्षांचा घड छापलेली एक)

नव्वदनंतर ग्रॅनाईट आला आणि टाईल्स आल्या. पांढऱ्या टाईल्सच्या मधे एक-एक चित्रवाली हायलायटर, द्राक्षं, कपबशी, किटली. हसू नका, ती टाईल निवडायला अख्खं घर दुकानात जायचं. ग्रॅनाईटमधे काळा जास्त चालला, त्यातही सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी, जो आंध्रात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीला निघतो, तो घरात लागला की लोक मुद्दाम दाखवायचे. मधेच वास्तूवाले आले आणि काळा ओटा नको म्हणाले, मग हिरवा, तपकिरी, लाल ग्रॅनाईट खपायला लागला. वास्तूचं खरं-खोटं ज्याचं त्यानं बघावं, पण काळ्या ग्रॅनाईटचा खरा त्रास पाणी आहे, वास्तू नाही. बोअरचं पाणी क्षाराचं, सिंकच्या कडेला पांढरी किनार बसते आणि काळ्यावर ती लांबून दिसते. नळाचं पाणी काही दिवसांआड, त्यामुळं भरून ठेवणं आलंच, बॅरल आलं, सांडणं आलं, आणि हे सांडणं पुढं मॉड्युलरला किती महागात पडतं ते बघूच.

ग्रॅनाईटच्या खाली ट्रॉल्या आल्या. मॉड्युलर हा शब्द आपल्याकडं रुळायच्या आधी ट्रॉल्याच म्हणायचो, 'ट्रॉल्या बसवल्या का?' स्टीलच्या जाळीचे ओढायचे कप्पे, पुढं सनमायका लावलेलं शटर. आता हा सनमायका, म्हणजे लॅमिनेट, असतं काय, तर कागद. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमधे बुडवलेले, वर डिझाईनचा कागद मेलामाईन रेझिनमधला, सगळं गरम प्रेसखाली दाबून साधारण १ मिमीची शीट होते, आठ बाय चार फुटाची. फॉर्मायका कंपनीची सुरुवात १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत झाली तीच मुळात इलेक्ट्रिकच्या सामानाचं इन्सुलेशन करायला, किचन नंतर आलं. म्हणजे उष्णता सोसायची, पुसून घ्यायची सवय या मालाला आधीपासून आहे, आणि म्हणूनच कितीही फिनिश आले-गेले तरी मिस्त्री शेवटी लॅमिनेटवरच येतात.

मग आला ग्लॉसचा काळ. लाल, वाईन, जांभळा, नारिंगी! चेरी रेड आणि काळा हे कॉम्बिनेशन ज्यांनी केलं त्यांना आता ते नको झालंय, पण तेव्हा शोरूममधे गेलं की तेच समोर. ॲक्रिलिकच्या, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकची शीट लावलेल्या शटरमधे तर आरशासारखं तोंड दिसायचं. यात एक चांगलं आहे, गुळगुळीत पृष्ठभागावर तेल धरत नाही, एका फटक्यात निघतं. वाईट हे की बोटाचा प्रत्येक ठसा दिसतो, ओरखडा दिसतो, ॲक्रिलिकचा बारीक ओरखडा पॉलिशनं जातो पण कोण रोज पॉलिश करत बसतंय. आणि मेम्ब्रेनची शटर, म्हणजे एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) पीव्हीसीची फिल्म ताणून बसवलेली, ती शेगडीच्या बाजूला उष्णतेनं सुटायला लागली. सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३, आत ओव्हन आणि फोडणी, ती फिल्म तरी काय करणार.

त्यानंतर एकदम उलटं. ग्लॉस गेला, मॅट आला. लाल गेला, पांढरा आणि ग्रे आला, मग ग्रेचा पण कंटाळा आला आणि आता लाकडी पोत, बेज, सेज ग्रीन, नेव्ही, खाली डार्क वर लाईट. फ्लुटेड ग्लासची उभ्या रेघांची शटर, कडेला रोज गोल्ड प्रोफाईल, आत पट्टी लाईट. भिंत पडली आणि किचन हॉलमधे आलं ना, मग त्याला सोफ्याशी मॅच व्हावं लागलं, हे त्यामागचं साधं कारण. धूर कुठं जाईल हा प्रश्न होता तिथं टीव्ही युनिटला कोणता शेड आहे हा प्रश्न आला. दुकानात पण पहिला प्रश्न तोच, 'हॉलमधे काय घेऊलालाव?'

मला स्वतःला हे फिके रंग आवडतात, पण गंमत वाटते. ज्या गावातली चादर मरून, बॉटल ग्रीन, मोरपंखी अशी जॅकार्ड मागावर विणून जगभर जाते, त्या गावात किचनसाठी मात्र सगळे बिस्किटाच्या शेडचं कार्ड काढतात.

तर मॅट. मॅट दिसतं कसं, तर पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो, प्रकाश पसरतो, चमक येत नाही. पण त्याच खडबडीत तेलाची वाफ बसते, आणि तिच्यावर धूळ, आणि मग ते नुसत्या फडक्यानं निघत नाही, साबणाचं कोमट पाणी लागतं. हल्ली अँटी फिंगरप्रिंट म्हणून लॅमिनेट मिळतात, ठसे खरंच कमी दिसतात, तेल मात्र तेलच आहे. आणि ज्वारीचं पीठ! मंगळवेढ्याची मालदांडी असो की कुठलीही, भाकरी थापली की पीठ उडणार, आणि नेव्ही ब्लू मॅट शटरवर ते पीठ असं दिसतं की विचारू नका. डार्क रंगात मळ झाकतो हे मातीच्या मळापुरतं खरं, पिठाचं आणि क्षाराचं गणित उलटं आहे.

पांढऱ्या क्वार्ट्झचं तर अजून वेगळं. यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणून तो मार्बलसारखा पाणी पीत नाही, पण त्या रेझिनला गरम सोसत नाही. तापलेला तवा थेट ठेवला की पिवळा डाग, आणि तो पुसून जात नाही कारण तो डाग नाहीच, तिथलं रेझिन भाजलेलं असतं. ग्रॅनाईटवर आपण आयुष्यभर कुकर तसाच उतरवत आलो, ती सवय एका दिवसात जात नाही. हळदीचा डाग त्यामानानं बरा, हळदीतलं कर्क्युमिन उन्हात फिकं होतं, पण ओट्यावर ऊन आणायचं कुठून?

(दृश्य: सिंकखालचं शटर, खालची कड फुगलेली)

आणि आता ते सांडणं. रंग, फिनिश सगळं वरचं, किचन जातं ते कडेनं. लॅमिनेटवरून पाणी आत जात नाही, पण शटरची कड जिथं कापली तिथं एज बँडची पट्टी नीट बसली नाही की पाणी तिथून शिरतं आणि एमडीएफ असेल तर पुरीसारखं फुगतं. सिंकखाली आणि बॅरल ठेवायच्या कोपऱ्यात तरी आयएस ७१० चा मरीन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारा प्लायवूड, घ्या असं अनुभवी सुतार सांगतात, आणि खालचा बॉक्स पायावर उचललेला ठेवा, आपल्याकडं फरशीवर पाणी ओतून खराट्यानं धुवायची पद्धत आहे, कॅटलॉगमधल्या घरात ती नसते.

इथं एक सांगायला पाहिजे, हा सगळा विषय अख्ख्या सोलापूरचा नाही. शहराजवळ कुंभारीला रे नगरमधे जानेवारी २०२४ ला १५,००० घरं विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या अशा कुटुंबांना मिळाली. तिथं ओटा आणि चार टाईल्स हाच मोठा बदल आहे, फ्लुटेड ग्लासचा प्रश्न येत नाही. पण शेड कार्ड तिथल्या पोरींच्या मोबाईलवर पण तेच येतं, आणि सेज ग्रीन ऑइल पेंटमधे पण मिळतो बरं का.

ज्यांचं आता काम निघणार आहे त्यांच्यासाठी. लॅमिनेटचा छोटा तुकडा दुकानातून मागून घ्या, देतात. घरी आणून हळद-तेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. त्याच्यावर पिठाचा हात लावा. संध्याकाळी तुमच्या ट्यूबलाईटखाली बघा, शोरूमच्या पिवळ्या लाईटमधे जो बेज होता तो घरी मळकट गुलाबी दिसू शकतो. आणि जो रोज पुसणार आहे त्याला रंग निवडू द्या, आपल्याकडं बऱ्याचदा पैसे देणारा निवडतो आणि पुसणारी वेगळी असते.

सध्या नवीन चाललंय ते पूर्ण स्टीलचं किचन, वाळवी नाही, फुगणं नाही, वरून पावडर कोटिंग नाहीतर ग्लास लावून हवा तो रंग. महाग आहे, पण बॅरलच्या कोपऱ्याला याच्याइतकं चांगलं काही नाही असं मला वाटतं. फक्त स्टील ३०४, म्हणजे कमी गंजणाऱ्या ग्रेडचं आहे म्हणून कोणी मॅग्नेट लावून दाखवला, चिकटत नाही बघा म्हणाला, तर तेवढ्यावर जाऊ नका. २०२ या स्वस्त ग्रेडला पण मॅग्नेट फारसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.