वणव्यातली साल, सावलीतली साल

उन्हाळ्यात मेळघाटच्या पानझडी जंगलात पाचोळा इतका वाळलेला असतो की वणव्याला एक ठिणगी पुरते. जमिनीलगत पसरणारी ही आग सहसा शेंड्यापर्यंत जात नाही. तिची झळ बसते बुंध्याला. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा जो नाजूक जिवंत थर असतो, त्यातून खोडाची जाडी वाढते, आणि तो सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापला की मरू लागतो. ऐनाच्या झाडाच्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या जाड सालीचे मोल इथे कळते. तिचा बाहेरचा भाग मृत पेशींचा असल्याने उष्णता त्यातून सावकाश आत शिरते. साल दुप्पट जाड असेल तर आतला थर तापायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो, आणि तोवर आग पुढे सरकलेली असते. रोपाची साल मात्र कोवळी. ते जळते आणि पुष्कळदा मुळाकडून पुन्हा फुटते.

पण कोरडे हवामान म्हणजे जाड साल, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. याच पट्ट्यातील खडकाळ उतारांवर, जिथे पेटण्याजोगे फारसे काही साचत नाही, तिथे कांडोळ उभा असतो. त्याची पांढुरकी साल कागदासारखी सुटत राहते. तिच्याखालच्या थरात हरितद्रव्य असते, त्यामुळे पाने नसलेल्या महिन्यांतही झाड थोडेफार अन्न तयार करू शकते.

महाबळेश्वरच्या अंजनी-जांभळाच्या सदाहरित रानात सावली दाट आणि जमीन ओलसर, त्यामुळे नैसर्गिक वणवा दुर्मीळ. अशा जंगलांतील बहुतेक झाडे जाड सालीवर अन्न खर्च करत नाहीत. ही काटकसर आग येईपर्यंतच परवडते. ॲमेझॉनच्या दमट जंगलात जेमतेम गुडघाभर ज्वाळांच्या आगीनेही मोठमोठी झाडे मेली आहेत, तर ब्राझीलमधीलच सेराडो या गवताळ प्रदेशातील वेडीवाकडी झाडे बुचासारख्या जाड सालीमुळे वारंवारच्या वणव्यांतून तगतात.

खाडीकाठी अडचण आगीची नसून हवेची आहे. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे चिखलातून वर येतात आणि त्यांच्या सालीवरील सूक्ष्म वल्करंध्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. शेजारच्या कांदळाच्या सालीत टॅनिन हे कुजणे रोखणारे तुरट द्रव्य भरपूर असते. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून ती अशा सालीच्या काढ्यात बुडवण्याची रीत अनेक किनाऱ्यांवर होती.