गायकवाडीतली गावशाळा

(दृश्य : बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातले एक गाव. सकाळ. चिंचेखाली कौलारू इमारत.)

हे छप्पर आधी नीट बघून घ्या. सागाचे वासे, हाताने थापलेली नळ्यांची कौले, पुढे लांब ओसरी. गावात कुणालाही विचारा, 'जूनी निशाळ', म्हणजे जुनी शाळा, म्हणून बोट इकडेच करतील. वर्ग आता पलीकडच्या पक्क्या इमारतीत भरतात. इथे एरवी कुलूप असते. आमच्यासाठी ते उघडले, आणि आत दोन वस्तू मिळाल्या. वाळवीने कडा खाल्लेले एक हजेरीपत्रक आणि एक लाकडी पेटी.

आम्ही बडोद्याचे मराठी लोक. राजवाडा, कॉलेजचा घुमट, सूरसागर हे सगळे आमच्या रोजच्या येण्याजाण्यातले. पाहुणे आले की आपण त्यांना हेच दाखवतो. या इमारतीकडे मात्र कुणी पाहुण्यांना आणत नाही. आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते त्यासाठीच.

(दृश्य : ओसरीवर पसरलेली बारीक वाळू. एक आजोबा बोटाने अक्षर काढतात.)

गावात शिकणे पूर्वीही होते. त्या शाळेला म्हणत धूळी निशाळ, म्हणजे धुळीतली शाळा. महेताजींच्या, म्हणजे मास्तरांच्या, ओट्यावर नाही तर देवळाच्या पडवीत मुले बसायची, वाळू पसरायची, बोटाने नाही तर काडीने अक्षर गिरवायचे आणि हाताने पुसून पुन्हा काढायचे. आंक, म्हणजे पाढे, तोंडपाठ. फी धान्यात. वाण्याच्या, ब्राह्मणाच्या मुलाला हिशेबापुरते, पत्रापुरते येऊ लागले की शिक्षण झाले. बाकीच्यांची मुले शेतात. मुली घरात. आणि गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना या ओट्याची पायरीही चढता येत नव्हती.

(दृश्य : महाराजांचे जुने छायाचित्र.)

सयाजीराव स्वतः खेड्यातले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याचे वय होते १२ वर्षांचे, आणि खरा विद्याभ्यास सुरू झाला तो त्यानंतर. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली. ज्या वयात आपल्या राज्यातल्या मुलांची शाळा संपायची, त्या वयात ज्याची सुरू झाली, तो राजा शाळेच्या मागे असा का लागला असेल, हे मला तरी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

(दृश्य : अमरेलीचा रस्ता. दुपारचे ऊन. बाभळी, काळी जमीन, कपाशी.)

बडोद्याहून निघून आम्ही सौराष्ट्रात अमरेलीला आलो. तेव्हा हा गायकवाडीचाच एक प्रांत, राजधानीपासून लांब तुटलेला. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग महाराजांनी केला तो इथे. साल १८९३. अमरेली तालुक्यातली १० गावे निवडली.

सक्ती हा शब्द आज कानाला टोचतो. पण ती कशी राबवली ते बघा. नुसता हुकूम काढून मुले येत नाहीत. आधी शाळा हवी, आणि ती मुलाला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हवी. तिथे मास्तर हवा. मग गावातल्या शिकण्याच्या वयाच्या मुलामुलींची यादी हवी. घरोघरी जाऊन, नाव, बापाचे नाव, वय लिहायचे. जन्मतारीख कुणाकडे नाही, तर कुठल्या पावसाळ्यात झाला, कुठल्या लग्नाच्या आधी झाला, असे विचारत वय बसवायचे. मग पालकांना सूचना. मग रोजची हजेरी. गैरहजेरी वाढली की पालकाला दंड. आजारी मूल, अपंग मूल, यांना सूट.

एवढे सगळे १० गावांत आठ वर्षे चालवून पाहिले. घाई केली नाही. मधेच छप्पन्नचा, म्हणजे संवत १९५६ चा (इ.स. १८९९-१९००), दुष्काळ येऊन गेला, सारा गुजरात होरपळला, माणसे आणि गुरे मेली. तरी १९०१ मध्ये कायदा आख्ख्या अमरेली तालुक्याला लागू झाला. आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्याला. मुलग्यांना १२ वर्षांपर्यंत, मुलींना १० वर्षांपर्यंत. मुलींची मर्यादा पुढे आणखी वाढवली.

ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा नव्हता. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचेच उदाहरण कौन्सिलपुढे ठेवले, अमरेलीच्या त्या १० गावांसकट. पुढच्या वर्षी विधेयक पडले. बडोद्यातल्या शाळा चालूच होत्या.

(दृश्य : हजेरीपत्रकाचे पान, अगदी जवळून.)

आता हे पान. लिपी गुजराती, शाई तपकिरी पडलेली. डावीकडे नाव, मग बापाचे नाव, मग जात, मग धंदा. पुढे दिवसांचे चौकोन. भाद्रपदापर्यंत चौकोन भरलेले आहेत. मग कपाशी फुटली आणि ओळीच्या ओळी रिकाम्या झाल्या. शेरा आहे, 'कपास वीणवा', म्हणजे कापूस वेचायला. खाली एका मुलापुढे 'ढोर चारवा'. आणि हे बघा, त्याच मुलाच्या ओळीत पुढच्या महिन्यापासून पुन्हा खुणा सुरू झाल्या आहेत. मास्तर त्याच्या घरी गेले असतील का, दंडाची भीती बसली असेल का, पान काही सांगत नाही. खुणा मात्र वर्ष संपेपर्यंत आहेत.

गावाबाहेरच्या वस्तीसाठी राज्याने १८८० नंतरच्या वर्षांतच वेगळ्या अंत्यज शाळा काढल्या. सवर्ण मास्तर तिथे जायला तयार नव्हते, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले, पुढे आर्यसमाजी आले. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले, आणि १९१७ मध्ये इथे नोकरीवर आले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही.

(दृश्य : कमाटीबाग. संकल्पभूमी, तेव्हा आंबेडकर जिथे झाडाखाली बसले ती जागा. निवेदन थांबते.)

(दृश्य : लाकडी पेटी. झाकण उघडते.)

पेटी. जाड फळ्या, लोखंडी कोपरे, दोन्ही बाजूंना धरायला कड्या. आत आडवी फळी, पंधरा-वीस पुस्तके सहज राहतील. ही फिरत्या ग्रंथालयाची पेटी.

मूल १२ व्या वर्षी शाळेतून सुटले आणि घरात छापलेला कागदच नसला, तर शिकलेले अक्षर चार पावसाळ्यांत पुसले जाते. हे राज्याच्या ध्यानात आले. महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले. १९१० मध्ये ते आले, मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपाल तयार केले, आणि अशा पेट्या गावोगाव धाडायची व्यवस्था केली. पाठवणीचा खर्च सरकारचा. पेटी गावात यायची, काही आठवडे राहायची, वाचून झाली की परत, मग दुसरी. बहुतेक वेळा ती शाळेतच ठेवत, किल्ली मास्तरांकडे. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक हिस्सा गावाने काढायचा, एक प्रांत पंचायतीने, एक सरकारने. चरोतरात, म्हणजे आणंद-पेटलादच्या भागात, मोतीभाई अमीन यांनी हे काम अक्षरशः अंगावर घेतले, गावागावांत वाचनमंडळे उभी केली. ते स्वतः शाळामास्तर होते.

(दृश्य : मांडवी, मध्यवर्ती ग्रंथालय. काचेची जमीन, वरून झिरपणारा उजेड.)

मांडवीच्या ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून. आमच्या कॅमेऱ्याला इथे दिवा लावावा लागला नाही. पादऱ्याची ती पेटी इथूनच निघाली असणार.

१ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शाळा जिल्ह्याच्या ताब्यात गेल्या, पेट्या बंद झाल्या.

(दृश्य : पुन्हा ओसरी. संध्याकाळ. शाळा सुटलेली मुले पेटीभोवती.)

गावकऱ्यांनी मागितले आहे ते एवढेच : इमारत पाडू नये, पंचायतीला द्यावी, तिथे वाचनालय उघडू. अर्ज दिलेला आहे. पश्चिमेची कौले सरकली आहेत, तिथे ताडपत्री बांधली आहे. हजेरीपत्रक सध्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, कोरड्या कपाटात ठेवले आहे. पेटी जुन्या शाळेतच आहे. त्या दिवशी मुलांनी आपापल्या दप्तरातली पुस्तके काढून तिच्यात लावून बघितली. अठरा बसली.