उत्तर कोरियात तुमच्या चुकीचा हिशेब गाइडच्या नावावर लागतो

नमस्कार मंडळी! उत्तर कोरियातल्या वोनसान-काल्मा या समुद्रकिनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टचे रील्स फिरायला लागल्यापासून रोज कुणीतरी विचारतंय, "ताई, उत्तर कोरियाला जाता येतं का? प्रोसेस सांगा ना." आणि माझ्या तिथल्या सहलीच्या जुन्या व्हिडिओखाली दुसरा एक प्रश्न अजूनही येतो, की गाइडचा चेहरा धूसर का केलाय? आज दोन्हींवर बोलू. दुसऱ्यावर जास्त बोलणार आहे, कारण तो कळला नाही तर तुम्ही तिकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चालू आहे की बंद, ते. जानेवारी २०२० मध्ये कोविडमुळे त्यांनी सीमा बंद केली, ती पर्यटकांसाठी चार वर्षं उघडलीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा गट आत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईशान्येच्या टोकाचा रासोन हा भाग पाश्चात्त्य पर्यटकांसाठी उघडला आणि मार्चच्या सुरुवातीला, कारण न सांगता, पुन्हा बंद झाला. एप्रिलमध्ये राजधानी प्योंगयांगच्या मॅरेथॉनला परदेशी धावपटू आले. १ जुलैला वोनसान-काल्माचं रिसॉर्ट सुरू झालं आणि त्याच महिन्यात जाहीर झालं की परदेशी पर्यटकांना तूर्तास प्रवेश नाही. रशियन गट मात्र गेले. त्यामुळे तुम्ही हा व्हिडिओ ज्या दिवशी बघताय, त्या दिवशी काय चालू आहे ते त्याच दिवशी तपासा. माझ्या शब्दावर विसंबू नका.

बाकी बेसिक गोष्टी भराभर सांगते. एकट्यानं फिरता येत नाही. सरकारमान्य टूर असते, कार्यक्रम आधी ठरलेला असतो, हॉटेल, जेवण, बस, गाइड सगळं पॅकेजमध्ये. व्हिसा टूर कंपनी काढते, तो वेगळ्या कार्डावर येतो. कोविडआधी भारतीय पासपोर्टवर लोक जात होते. दक्षिण कोरियाच्या नागरिकांना जाता येत नाही, पत्रकारांना टूरिस्ट व्हिसा देत नाहीत, आणि अमेरिकी पासपोर्टवर १ सप्टेंबर २०१७ पासून खुद्द अमेरिकेनंच बंदी घातली आहे. नेहमीची वाट बीजिंगहून विमानानं, नाहीतर चीनच्या सीमेवरच्या दानदोंगहून ट्रेननं यालू नदी ओलांडून पलीकडे उत्तर कोरियातल्या सिनुइजूला. पैसे रोख न्यायचे, युरो किंवा युआन, तेही सुट्टे. धार्मिक पुस्तकं, दक्षिण कोरियाच्या मालिका, उत्तर कोरियावरची पुस्तकं, यातलं काहीही बॅगेत किंवा फोनमध्ये नको. झालं बेसिक.

आता मुद्द्याचं.

तुमच्याबरोबर पूर्ण वेळ दोन गाइड असतात. विमानतळ किंवा स्टेशनवर घ्यायला येतात, निरोप देईपर्यंत सोबत असतात, तुमच्याच हॉटेलात उतरतात. बरेच लोक त्यांना पहारेकरी समजतात. ते लक्ष ठेवतातच, एकमेकांवरसुद्धा. पण तुम्ही वागाल त्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असते, आणि हे तिथे पोचेपर्यंत बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. तुम्ही आठवड्याभरात परत येणार. ती माणसं तिथेच राहणार, तीच नोकरी करणार, त्यांचं घरदार तिथेच.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करते. सैनिक, चेकपोस्ट, बांधकामं यांचे फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगतात. आमच्या गटातल्या एकानं बसच्या खिडकीतून, खांद्यावर फावडी घेऊन चाललेल्या सैनिकांचा फोटो काढला. गाइडनं बघितलं, शांतपणे डिलीट करायला सांगितलं. त्यानं तिच्यासमोर डिलीट केला आणि ती पुढे गेल्यावर आम्हाला हळूच सांगितलं, की फोनच्या 'नुकतेच हटवलेले' मध्ये तो असतोच, घरी गेल्यावर परत आणेन.

परतीच्या ट्रेननं सिनुइजूला थांबलो. तिथे अधिकारी डब्यात चढून फोन बघतात. त्याचा फोन घेतला, एक-दोनदा बोट फिरवलं आणि सरळ तो फोल्डर उघडला. फोटो कायमचा काढला, फोन परत दिला. त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नाही. तो सुटकेचा श्वास सोडत होता, तेवढ्यात अधिकाऱ्यानं आमच्या गटाचा कागद मागितला. खिशातून छोटी वही काढली आणि कागदावरचं गाइडचं नाव त्यात उतरवून घेतलं. सावकाश, दोनदा ताडून. गाइड आम्हाला प्योंगयांगच्या स्टेशनवर निरोप देऊन केव्हाच परतली होती. पुढे तिचं काय झालं हे कळायला मार्ग नाही. मी तिला शोधूही शकत नाही, कारण माझी चौकशीच तिला महागात पडेल. चेहरा धूसर का, याचं उत्तर हे आहे. तिचं नावही मी कधी घेणार नाही.

"मग फोटो काढायचेच नाहीत का?" काढा की! भरपूर काढू देतात. विचारून काढा. प्योंगयांगच्या मान्सू टेकडीवर किम इल-सुंग आणि किम जोंग-इल या देशाच्या आधीच्या दोन नेत्यांचे वीस मीटरहून उंच पुतळे आहेत. तिथे पुतळा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण फ्रेममध्ये यावा लागतो, अर्धा कापलेला चालत नाही, त्यांच्यासारखी पोझ देऊन उभं राहणं चालत नाही. ओळीत उभं राहून वाकून नमस्कार करायचा असतो, बहुतेक वेळा फुलंही ठेवायची असतात. पटत नसेल तर त्याचा निर्णय बुकिंगच्या आधी घ्या. टेकडीवर उभं राहून "मी वाकणार नाही" म्हणणं म्हणजे आपल्या तत्त्वाचं बिल गाइडच्या हातात देणं.

वर्तमानपत्राचंही तसंच. पहिल्या पानावर नेत्याचा फोटो असला तर तो दुमडायचा नाही, फेकायचा नाही. आमच्यातल्या एका बाईंनी विकत घेतलेला चिनीमातीचा वाडगा पेपरात गुंडाळला होता. गाइडनं तो अलगद सोडवला, मांडीवर ठेवून तळहातानं सुरकुत्या काढल्या, फोटो बाहेरच्या बाजूला येईल अशी सैल गुंडाळी केली आणि वाडग्यासाठी स्वतःच्या पिशवीतला रुमाल दिला. रागावली नाही. पण मागच्या सीटवरच्या दुसऱ्या गाइडनं हे पाहिलं का, म्हणून तिची नजर आधी तिकडे गेली होती.

आता हॉटेल. हा माझा खरा संतापाचा विषय आहे. "रात्री गुपचूप बाहेर पडता येतं का?", "पाचव्या मजल्याचं काय?" प्योंगयांगचं यांगाक्दो हॉटेल तेदोंग नदीतल्या बेटावर आहे, ४७ मजली. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचं बटण नाही, एवढ्यावरून लोकांनी तो रहस्यकथेचा विषय करून टाकलाय. याच हॉटेलमधल्या कर्मचाऱ्यांच्या भागातून भिंतीवरचं प्रचाराचं पोस्टर काढल्याचा आरोप ओटो वॉर्मबिअर या अमेरिकी विद्यार्थ्यावर होता. जानेवारी २०१६ मध्ये विमानतळावर अटक, मार्चमध्ये १५ वर्षं सक्तमजुरीची शिक्षा, जून २०१७ मध्ये बेशुद्ध अवस्थेत सुटका, आणि काही दिवसांत मृत्यू. बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्या नावाखाली "चॅलेंज" लिहिणाऱ्यांच्या कमेंट्स मी काढून टाकते आणि यापुढेही काढणार.

उत्तर कोरियातल्याच कुमगांग पर्वताचं उदाहरण त्याहून साधं आहे. १९९८ पासून दक्षिण कोरियाचे पर्यटक तिथे जायचे. जुलै २००८ मध्ये एक पर्यटक बाई पहाटे किनाऱ्यावर चालायला गेल्या, लष्करी हद्दीत शिरल्या असं सांगून सैनिकानं गोळी घातली, त्या गेल्या. दक्षिणेनं त्या सहली थांबवल्या त्या थांबवल्याच. तेव्हा हॉटेलच्या आवारात जिथपर्यंत सांगितलंय तिथपर्यंतच फिरा. थोडं पुढे जाऊन बघू, हा विचारच नको.

आणि तिसरं, प्रश्न विचारणं. "गाइडला खरं बोलतं कसं करायचं?" असं एकानं विचारलंय. दादा, करायचं नाही! भर बसमध्ये, दुसऱ्या गाइडसमोर, ड्रायव्हरसमोर तुम्ही तिला विचारणार की तुमच्या नेत्याबद्दल तुला मनापासून काय वाटतं? तिच्याकडे उत्तर एकच आहे आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे. ती ते देणार, तुम्ही व्हिडिओत "बघा कसं पढवलंय" म्हणणार. यातून कुणाला काय मिळालं? मुलांची शाळा, व्हॉलीबॉल, सणाला घरी काय करतात, हे विचारा. आमची गाइड जेवताना आपणहून बोलायची. तुमच्याकडे म्हातारे आईवडील कुणाकडे राहतात, घरभाडं किती असतं, मुली नोकरीला किती लांब जातात. ती विचारत होती तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की आम्ही तिला बघायला आलोय तसे तिच्यासाठी आम्हीही बाहेरच्या जगाची खिडकी आहोत.

मुद्दाम मागे काही ठेवून येऊ नका, हेही त्यातच आलं. २०१४ मध्ये एका अमेरिकी पर्यटकानं छोंगजिन शहरातल्या खलाशांच्या क्लबात बायबल ठेवलं, काही महिने कोठडीत काढले. भेट द्यायची तर उघडपणे, दोन्ही गाइडना सारखी.

"मेट्रोतले प्रवासी नट असतात" हे लिहिणं आता थांबवा, प्लीज. वर्षानुवर्षं परदेशी लोकांना दोनच स्टेशनं दाखवत, म्हणून ही अफवा पसरली. नंतर बाकीची स्टेशनंही खुली झाली. पूर्वी बर्लिनमध्ये धावलेले जुने डबे, प्रत्येक डब्यात दोन नेत्यांचे फोटो, आणि त्याखाली कामावरून दमून घरी निघालेली माणसं. मी त्या डब्यात उभी होते. पेंगुळलेल्या पोराला खांद्यावर घेऊन जाणाऱ्या आजोबांना कोण नट म्हणेल?

शेवटचा प्रश्न, आणि तो रास्त आहे: "तुमचे पैसे त्या राजवटीला जातात, त्याचं काय?" जातात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं २०१४ मध्ये राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं असल्याचा अंदाज दिला होता. हे वाचूनच मी गेले होते. सामान्य माणसांना बाहेरची माणसं दिसावीत, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटलं. तुम्हाला वाटत नसेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर तुमच्याशी मी वाद घालणार नाही.

जाणार असाल तर बुकिंग करताना टूर कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या. सीमा अचानक बंद झाली तर किती पैसे परत मिळतील, आणि चीनचा व्हिसा पुन्हा प्रवेश करता येईल असा, म्हणजे निदान दोन एंट्रीचा, लागेल का. रासोन बंद झालं तेव्हा पुढच्या तारखांचं बुकिंग करून बसलेले लोक होते. आणि गाइडची टीप आधीच वेगळ्या पाकिटात, युरोत, बाजूला काढून ठेवा.