आधी विचारा, कशाचे टक्के?

मित्रहो, टक्के शिकवताना आपण बहुतेक वेळा सूत्रापासून सुरुवात करतो. रक्कम गुणिले दर भागिले शंभर. मुलं गणित सोडवतात, गुणही मिळवतात. पण दुकानात त्याच मुलाला विचारा, साडेआठशेच्या शर्टावर ३० टक्के सूट म्हणजे किती रुपये वाचले? ते कागद-पेन शोधू लागतं. म्हणून माझा आग्रह आहे की सूत्र सगळ्यात शेवटी यावं, आधी दहा टक्के पक्के व्हावेत.

८५० चे दहा टक्के ८५. एवढं हातात आलं की ३० टक्के म्हणजे त्याची तिप्पट, २५५. उरले ५९५. पाच टक्के हवेत तर दहाचे निम्मे करा. एक टक्का हवा तर पुन्हा दहाने भागा. आता ६५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी काढून बघू. दहा टक्के ६५, वीस टक्के १३०, दोन टक्के १३. वीसमधून दोन वजा केले की ११७. कुणी दहा, पाच आणि तीन मिळवून ६५, साडेबत्तीस आणि साडेएकोणीस अशी बेरीज करेल. करू द्या. दोन्ही वाटा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांनाच विचारा, सोपी कुठली वाटली.

पूर्वी पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ असत. ते सगळं पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही. पण पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे मुलाला भाजी आणताना कळलेलंच असतं. २५, ५० आणि ७५ टक्के त्याला तिथेच जोडून द्या. मग एक गंमत दाखवा. २५ चे १६ टक्के काढायला मूल अडखळतं. उलटं करून १६ चे २५ टक्के विचारा, ते लगेच ४ म्हणतं. उत्तर दोन्हीकडे तेच, कारण दोन्हीकडे १६ आणि २५ चाच गुणाकार आहे आणि शंभरानेच भागायचं आहे.

इथपर्यंत हिशेब झाला. खरी अडचण पुढे आहे. दुकानावर पाटी असते, ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’. मुलं बेरीज करून ७० म्हणतात, आणि मोठी माणसंही म्हणतात. हजाराची वस्तू घ्या. पहिली सूट देऊन झाले ५००. आता २० टक्के कशाचे? या ५०० चे, म्हणजे १००. द्यायचे ४००, म्हणजे एकूण सूट ६० टक्के. तसंच ५०० चा भाव २० टक्क्यांनी वाढवून ६०० केला आणि मग २० टक्क्यांनी उतरवला, तर तो ४८० वर येतो. मुलांना हे पटत नाही, ती पुन्हा पुन्हा करून बघतात. तो अख्खा तास त्यावर गेला तरी जाऊ द्या.

आणि सातवी-आठवीत सरळव्याज शिकवाल तेव्हा खासगी सावकारीचा दर जरूर घ्या. ‘शेकडा तीनने पैसे’ म्हणतात ते बहुधा महिन्याचं व्याज असतं. दहा हजारांवर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६००, म्हणजे ३६ टक्के. पुस्तकातल्या गणितात ‘दरसाल’ छापलेलं असतं, त्यामुळे ‘महिन्याचं की वर्षाचं?’ हा प्रश्न मुलाला विचारावाच लागत नाही. एखाद्या उदाहरणातून तो शब्द मुद्दाम गाळा आणि कोण हात वर करतं ते बघा.